स्पोर्ट्‌स मोटारींतील नैसर्गिक शोषण एंजिन

ज्या अंतर्ज्वलन-एंजिनात ज्वलनासाठी लागणारी हवा केवळ दट्ट्याच्या शोषण धावेमुळे व वातावरणाच्या दाबामुळे सिलिंडरात येते, ती आत कोंबण्यासाठी कोणताही पंप अथवा संपीडक वापरलेला नसतो, त्याला नैसर्गिक शोषण एंजिन म्हणतात. याउलट संपीडकाच्या साहाय्याने हवा वातावरणापेक्षा अधिक दाबाखाली आत घालणाऱ्या एंजिनास अतिभरित एंजिन म्हणतात. हा संपीडक एंजिनाच्या भुजादंडावरून पट्ट्याने वा दंतचक्रांनी चालविला, तर त्यास सुपरचार्जर आणि बाहेर पडणाऱ्या निष्कास वायूंनी फिरणाऱ्या टरबाइनाने चालविला, तर टर्बोचार्जर अशी नावे रूढ आहेत. रस्त्यावरील बहुसंख्य मोटारगाड्यांची एंजिने दीर्घकाळ पहिल्या प्रकारची होती. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात वेगवान व महागड्या स्पोर्ट्‌स मोटारींतून ती झपाट्याने मागे पडली. तथापि ती पूर्णपणे नाहीशी झालेली नाहीत. त्यांची पुढील वाटचाल एका अनपेक्षित वळणावर आलेली आहे.

तत्त्व व मर्यादा : एंजिनाची शक्ती ते दर मिनिटास किती हवा घेऊ शकते यावर अवलंबून असते, कारण ठराविक हवेत ठराविकच इंधन पूर्णपणे जळू शकते. वातावरणाचा दाब समुद्रसपाटीस सु. १ बार असतो. नैसर्गिक शोषण एंजिनास याहून फारसे अधिक काही मिळत नाही. आदान नळ्यांची लांबी योग्य ठेवल्यास त्यांतील हवेच्या दाबतरंगांचा फायदा घेऊन विशिष्ट फेऱ्यांना सिलिंडर थोडा जास्त भरता येतो. पण ही बचत थोडकीच असते. उत्तम नैसर्गिक शोषण एंजिनाचे परिबल (भुजादंड फिरविणारा जोर) दर लिटर घनफळामागे सु. १०५ ते १२० न्यूटन-मीटर एवढेच असते. दोन निरनिराळ्या देशांतील, निरनिराळ्या किंमतींच्या गाड्यांतही हा आकडा फारसा बदलत नाही, हे लक्षणीय आहे. उंचावर हवा विरळ झाली की शक्ती त्याच प्रमाणात घटते. अमेरिकेतील पाइक्स पीक डोंगरावरील प्रसिद्ध शर्यतीची अंतिम रेषा ४,३०२ मी. उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सु. ६० टक्केच असल्याने असे एंजिन माथ्यावर पोहोचेपर्यंत अर्धमेले होते.

परिबल वाढविता येत नसेल, तर शक्ती वाढविण्याचे दोनच मार्ग उरतात : घनफळ वाढविणे किंवा मिनिटाला होणारे फेरे वाढविणे. घनफळ वाढविले की वजन वाढते. म्हणून स्पोर्ट्‌स मोटारींच्या अभिकल्पकांनी दुसरा मार्ग पत्करला. त्यालाही सीमा आहे व ती दट्ट्याच्या सरासरी वेगाने ठरते. दट्ट्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा थांबून उलट फिरतो. फेरे वाढत गेले की दट्ट्या व संयोगदांडा यांवर येणारे ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात. व्यवहारात हा सरासरी वेग सेकंदाला सु. २५ मी. च्या आसपास अडतो.

पुढील उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल. होंडा कंपनीच्या १९९९ मधील एस-२००० या गाडीचे एंजिन दोन लिटरचे, दट्ट्याची धाव ८४ मिमी. व कमाल फेरे मिनिटाला ९,००० होते. दट्ट्याचा सरासरी वेग सेकंदाला २५·२ मी. येतो. फेरारी ४५८ (२००९) या साडेचार लिटर, आठ सिलिंडरांच्या गाडीत धाव ८१ मिमी. व फेरे ९,००० म्हणजे वेग २४·३ मी. येतो. पोर्श ९११ जीटी-३ च्या चार लिटर, सहा सिलिंडरांच्या एंजिनात धाव ८१·५ मिमी. असून कमाल फेरे तेवढेच आहेत. २०२० साली जाहीर झालेल्या गॉर्डन मरी यांच्या टी-५० या गाडीतील कॉसवर्थ कंपनीच्या बारा सिलिंडरी एंजिनाचे फेरे १२,१०० पर्यंत जातात. पण तेथे धाव अवघी ६३·८ मिमी. आहे व वेग पुन्हा २५·७ मी. च भरतो. एवढेच काय, २०१३ पर्यंतची फॉर्म्युला वन शर्यतींतील २·४ लिटरची एंजिने मिनिटाला १८,००० फेरे घेत, त्यांतील धाव सु. ४ सेंमी. असल्याने दट्ट्याचा वेग सु. २४ मी. च होता. तात्पर्य, फेरे वाढवावयाचे तर धाव आखूड करून सिलिंडरांची संख्या वाढवावी लागते. दहा, बारा व सोळा सिलिंडरांची एंजिने केवळ डौलासाठी बांधली जात नाहीत, त्यामागे हे गणित असते. त्यांचा खर्चही त्यामुळेच अटळ ठरतो.

जुना वाद : हवा आत कोंबावी की नाही, हा वाद मोटारींच्या शर्यतींइतकाच जुना आहे. इंग्लंडमधील बेंटली कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली यांचा सुपरचार्जरला विरोध होता. अधिक शक्ती हवी असल्यास एंजिनच मोठे करावे असे त्यांचे मत होते. शर्यतपटू टिम बर्किन यांच्या आग्रहाने साडेचार लिटरच्या सुपरचार्जर बसविलेल्या गाड्या निघाल्या व त्यांची कीर्ती आजही टिकून आहे. पण फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत १९२९ व १९३० साली विजय मिळविला तो साडेसहा लिटरच्या, सुपरचार्जर नसलेल्या ‘स्पीड सिक्स’ने. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रां प्री शर्यतींच्या नियमांत दीड लिटरचे अतिभरित किंवा साडेचार लिटरचे नैसर्गिक शोषण एंजिन अशी मुभा होती. अल्फा रोमिओच्या अतिभरित गाड्या काही वर्षे जवळजवळ अजिंक्य होत्या, मात्र त्यांची इंधनाची तहान प्रचंड होती. १९५१ च्या जुलैमध्ये सिल्व्हरस्टोन येथे फ्रॉयलान गॉन्झालेझ या अर्जेंटिनी चालकाने फेरारीच्या साडेचार लिटर गाडीने त्यांना हरविले.

पुढे पारडे पुन्हा फिरले. रेनॉ कंपनीने १९७७ साली टर्बोचार्जर बसविलेली गाडी फॉर्म्युला वनमध्ये आणली, तेव्हा ती वारंवार बंद पडत असल्याने चेष्टेचा विषय झाली होती. १९७९ मध्ये तिने दीझाँ येथे फ्रेंच ग्रां प्री जिंकली आणि त्यानंतर दशकभरात टर्बोशिवाय विजय दुर्मिळ झाला. अखेर १९८९ पासून टर्बोवर बंदी घालण्यात आली व २०१३ अखेरपर्यंत या शर्यती नैसर्गिक शोषण एंजिनांवरच झाल्या. त्या पाव शतकात झडपांच्या पोलादी स्प्रिंगांऐवजी दाबाखालील वायूचा वापर, हलके मिश्रधातू, आदान व निष्कास नळ्यांची सूक्ष्म जुळणी यांचे जे ज्ञान साठले, त्याचा बराच भाग रस्त्यावरील स्पोर्ट्‌स मोटारींत उतरला. २०१४ पासून १·६ लिटरचे टर्बो एंजिन व विद्युत् चलित्र यांची जोडी सक्तीची झाली आणि तो झरा आटला.

अतिभरणाची सरशी : रस्त्यावर नैसर्गिक शोषण एंजिन हरले ते वेगाच्या स्पर्धेत नव्हे, तर प्रयोगशाळेत. यूरोपात गाडीचा इंधनखप व कार्बन डाय-ऑक्साइडाचे उत्सर्जन मोजण्याची जी पद्धत २०१७ पर्यंत चालू होती, तीत गाडी रुळांवर ताशी सरासरी सु. ३४ किमी. वेगाने सावकाश चालविली जाई. अशा संथ चालीत मोठ्या एंजिनाची थ्रॉटल झडप जवळजवळ मिटलेली असते व तिच्यामागील कमी दाबाविरुद्ध हवा ओढण्यातच बरीच शक्ती वाया जाते. त्याऐवजी लहान एंजिन ठेवले, तर हा व्यय कमी होतो आणि जोर हवा असेल तेव्हा टर्बो मदतीस धावतो. कागदावरील आकडे त्यामुळे सुंदर दिसत. गाडी जोरात हाकली असता टर्बो एंजिनही तितकेच, कधी अधिक, इंधन पिते ही गोष्ट चाचणीत दिसत नव्हती. उत्सर्जनाच्या आकड्यावर अनेक देशांत कर बसत असल्याने निर्मात्यांपुढे फारसा पर्याय नव्हता.

बीएमडब्ल्यू एम-३ मधील ८,३०० फेऱ्यांना ४२० अश्वशक्ती देणारे आठ सिलिंडरांचे एंजिन जाऊन २०१४ मध्ये तीन लिटरचे टर्बो एंजिन आले. २०१५ मध्ये फेरारी ४५८ ची जागा ४८८ ने घेतली. या दोन गाड्यांची तुलना उद्‌बोधक आहे. ४५८ चे एंजिन साडेचार लिटरचे, ५७० अश्वशक्तीचे, ५४० न्यूटन-मीटर परिबलाचे होते; ४८८ चे ३·९ लिटरचे एंजिन ६७० अश्वशक्ती व ७६० न्यूटन-मीटर देते. घनफळ घटले आणि लिटरमागे परिबल १२० वरून १९५ वर गेले. त्याच वर्षी पोर्शने ९११ च्या सर्वसाधारण आवृत्त्यांना टर्बो बसविले. जीटी-३ व तिच्या जवळच्या थोड्या आवृत्त्याच जुन्या पद्धतीच्या राहिल्या. अमेरिकेत शेव्हरले कॉर्व्हेटच्या दोन भावंडांनी हा फरक अधिक ठळक केला. २०२१ मध्ये जाहीर झालेली झेड-०६ ही साडेपाच लिटर, आठ सिलिंडरांच्या एंजिनातून टर्बोशिवाय ६७० अश्वशक्ती काढते, हा या प्रकारच्या उत्पादित एंजिनांतील उच्चांक होता. तीनच वर्षांनी त्याच घराण्याच्या साडेपाच लिटर एंजिनाला दोन टर्बो जोडून झेडआर-१ आली व तिची शक्ती १,०६४ भरली. शक्तीचा आकडा हाच निकष मानला, तर वाद येथेच संपतो.

टिकून राहण्याची कारणे : तो संपत नाही, याची कारणे चालकाच्या अनुभवात आहेत. टर्बोचार्जरचे चक्र मिनिटाला लाखभर फेऱ्यांपर्यंत फिरते. वेगवर्धक दाबल्यावर निष्कास वायू वाढून ते चक्र गती घेईपर्यंत थोडा वेळ जातो. आधुनिक टर्बोंत हा विलंब फार कमी झाला आहे, पण वळणाच्या मध्यावर टायरांची पकड संपत आली असताना तो चालकाला जाणवतो. नैसर्गिक शोषण एंजिनात पाय आणि चाक यांच्यामध्ये असे काही आड येत नाही. पाय जितका दाबावा तितकाच व त्याच क्षणी जोर मिळतो. शिवाय त्याची शक्ती फेऱ्यांबरोबर चढत जाऊन शेवटच्या हजार फेऱ्यांत कळसाला पोहोचते. टर्बो एंजिन बहुधा मधल्या फेऱ्यांतच आपले सर्वस्व देऊन टाकते. दोहोंचे वेळ मोजणाऱ्या घड्याळावरील निकाल टर्बोच्या बाजूचे असतात, हे मान्य करूनही गाडी चालविण्याचा आनंद ही स्वतंत्र गोष्ट आहे असे म्हणावे लागते; आणि स्पोर्ट्‌स मोटार ही मुळात त्या आनंदासाठीच विकत घेतली जाते.

दुसरे कारण आवाजाचे. चार धावांच्या एंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेट घेतो. म्हणून बारा सिलिंडरांचे एंजिन ९,००० फेऱ्यांना सेकंदात ९०० वेळा धडकते. संगीतात हा बऱ्यापैकी उंच स्वर होय. निष्कास मार्गात टरबाइन बसविले की ते या स्पंदांतील ऊर्जा काढून घेते व स्वर बोथट होतो. लेक्सस एलएफए (२०१०–१२) या जपानी गाडीच्या ४·८ लिटर, दहा सिलिंडरी एंजिनाचा आवाज घडविण्याचे काम वाद्ये बनविणाऱ्या यामाहा कंपनीच्या साहाय्याने झाले. ते एंजिन ०·६ सेकंदात ९,००० फेरे गाठत असल्याने काट्याच्या मापकाला त्याच्याबरोबर धावता येईना व पडद्यावरील मापक वापरावा लागला. अशा ५०० गाड्याच बनल्या.

ग्राहकांच्या नापसंतीचा परिणामही दिसून आला. पोर्शने २०१६ मध्ये बॉक्स्टर व केमन या लहान गाड्यांतील सहा सिलिंडर काढून चार सिलिंडरांची टर्बो एंजिने बसविली. त्यांची शक्ती पूर्वीपेक्षा जास्त होती. तरी आवाजाबद्दल कुरकुर थांबली नाही. २०१९ मध्ये केमन जीटी-४ साठी व २०२० मध्ये जीटीएस आवृत्त्यांसाठी कंपनीने चार लिटरचे सहा सिलिंडरी, टर्बोविरहित एंजिन परत आणले. एकदा टाकून दिलेली रचना अशी परत येणे मोटारउद्योगात क्वचितच घडते.

विद्युत् चलित्राची जोड : विजेवर चालणारी गाडी या एंजिनांचा शेवट करील, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. सर्वांत महागड्या गाड्यांपुरते तरी प्रत्यक्षात उलटे घडत आहे. नैसर्गिक शोषण एंजिनाचे मुख्य वैगुण्य म्हणजे कमी फेऱ्यांना अपुरे परिबल. विद्युत् चलित्र शून्य फेऱ्यांपासून पूर्ण परिबल देते. दोहोंची सांगड घातली की टर्बोची गरजच उरत नाही. एंजिनाने वरच्या फेऱ्यांची बाजू सांभाळावी व चलित्राने खालच्या, अशी ही विभागणी आहे. लँबर्गिनीने २०२३ मध्ये आणलेल्या रेव्हुएल्तो या गाडीत साडेसहा लिटरचे बारा सिलिंडरी एंजिन ९,२५० फेऱ्यांना ८२५ अश्वशक्ती देते व तीन चलित्रे मिळून एकूण शक्ती १,०१५ होते. बुगाटीचे उदाहरण तर विशेष बोलके आहे. या कंपनीच्या शिराँ गाडीत आठ लिटरच्या सोळा सिलिंडरांना चार टर्बो जोडलेले होते. २०२४ मध्ये तिची वारसदार म्हणून जाहीर झालेल्या तुर्बियाँ गाडीतून चारही टर्बो काढून टाकण्यात आले. कॉसवर्थने घडविलेले ८·३ लिटर, सोळा सिलिंडरांचे नवे एंजिन एकट्याने १,००० व तीन चलित्रे ८०० अश्वशक्ती देतात.

परंतु हा एकच निष्कर्ष काढणे घाईचे होईल. त्याच लँबर्गिनीने २०२४ मध्ये आपल्या धाकट्या हुराकान गाडीचे ५·२ लिटर, दहा सिलिंडरी नैसर्गिक शोषण एंजिन सोडून तेमेरारिओमध्ये चार लिटरचे, आठ सिलिंडरांचे, दोन टर्बोंचे एंजिन घेतले व त्याला तीन चलित्रे जोडली. येथे चलित्राचा उपयोग टर्बोचा विलंब झाकण्यासाठी होतो, आणि एंजिन १०,००० फेऱ्यांपर्यंत जात असल्याने जुन्या पद्धतीचा एक गुण टर्बोनेही उचलला आहे. म्हणजे चलित्र कोणाचेही दोष झाकू शकते. त्याने कोणाची साथ करावी हे गाडीच्या किंमतीवर व विक्रीच्या संख्येवर ठरत आहे, असे दिसते.

चलित्राशिवाय जाणारी वाटही काहींनी धरली आहे. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले मरी हे १९९० च्या दशकातील मॅक्लारेन एफ-१ चे अभिकल्पक होत. बीएमडब्ल्यूने त्या गाडीसाठी बनविलेल्या ६·१ लिटर, बारा सिलिंडरी एंजिनाने १९९८ मध्ये ताशी ३८६ किमी. वेग गाठला होता. टी-५० मध्ये त्यांनी घनफळ एकतृतीयांशाने घटविले, एंजिनाचे वजन १७८ किग्रॅ. व संपूर्ण गाडीचे एक टनाच्या आत ठेवले. गाडी हलकी असली की कमी फेऱ्यांतील अपुरे परिबल खुपत नाही, हे त्यांचे उत्तर आहे. मात्र अशा शंभरच गाड्या बनविण्याचे ठरले. फेरारीने २०२४ मध्ये ‘दोदिची चिलिंद्री’ (बारा सिलिंडर) अशा सरळसोट नावाची, ९,२५० फेऱ्यांना ८३० अश्वशक्ती देणारी साडेसहा लिटर गाडी काढली. तीतही ना टर्बो ना कर्षणासाठी चलित्र. ॲस्टन मार्टिन व्हॅल्किरीचे साडेसहा लिटर एंजिन मिनिटाला ११,१०० फेरे घेते. रस्त्यावरील गाडीत त्याला चलित्राची जोड आहे. पण ती काढून टाकलेल्या शर्यतीच्या आवृत्तीने २०२५ साली ल मांची २४ तासांची शर्यत पूर्ण केली.

नियमांचा प्रभाव : सप्टेंबर २०१७ पासून यूरोपात नव्या नमुन्याच्या गाड्यांची चाचणी अधिक वेगवान चक्रावर व प्रत्यक्ष रस्त्यावरही घेतली जाऊ लागली. लहान टर्बो एंजिनांना पूर्वी मिळणारा कागदी फायदा यामुळे कमी झाला. पण त्याचबरोबर थेट अंतःक्षेपण असलेल्या पेट्रोल एंजिनांतून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म कणांवर दर किमी. ला ६ × १०<sup>११</sup> ही मर्यादा आल्याने निष्कास मार्गात कणगाळण्या बसविणे भाग पडले. गाळणीमुळे वायूंच्या वाटेत अडथळा येतो व आवाजही मंदावतो. २०२४ च्या अखेरीस आलेल्या जीटी-३ च्या सुधारित आवृत्तीत शक्ती ५१० अश्वशक्तीच राखता आली. परिबल मात्र ४७० वरून ४५० न्यूटन-मीटरवर उतरले. प्रत्येक नवा नियम या एंजिनाकडून असे थोडे थोडे वसूल करतो, आणि टर्बोप्रमाणे दाब वाढवून ते भरून काढण्याची सोय त्याला नाही.

यूरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या नियमानुसार नव्या मोटारींचे कार्बन डाय-ऑक्साइड उत्सर्जन २०३५ पासून शून्यावर आणावयाचे ठरले. डिसेंबर २०२५ मध्ये यूरोपीय आयोगाने ही घट शंभराऐवजी नव्वद टक्के करण्याचा प्रस्ताव मांडला. संघात वर्षाला हजाराहून कमी गाड्या नोंदविणाऱ्या निर्मात्यांना या उद्दिष्टांतून सूट आहे व दहा हजारांपर्यंतच्या निर्मात्यांना २०३५ अखेरपर्यंत वेगळे उद्दिष्ट मागता येते. ही तरतूद कोणाच्या उपयोगाची आहे, हे वेगळे सांगावयास नको. मोठ्या संख्येने विकल्या जाणाऱ्या, मध्यम श्रीमंतांच्या आवाक्यातील आठ व दहा सिलिंडरी गाड्यांना तिचा लाभ मिळत नाही. त्याच वर्गातून नैसर्गिक शोषण एंजिन सर्वांत आधी हद्दपार झाले. पंचवीस वर्षांपूर्वी होंडाची दोन लिटरची ९,००० फेऱ्यांची गाडी एखादा पगारदारही घेऊ शकत असे. आता तेवढे फेरे बहुतांशी काही कोटी रुपयांना मिळतात. खालच्या टोकाला माझ्दा एमएक्स-५ सारख्या हलक्या गाड्यांत असे एंजिन अजून आहे, परंतु त्यांचा रोख उच्च कामगिरीवर नाही.

एंजिन तेच ठेवून इंधन बदलण्याचाही प्रयत्न चालू आहे. चिलीच्या दक्षिण टोकास पुंता आरेनासजवळ हारू ओनी येथे डिसेंबर २०२२ मध्ये पोर्शच्या सहभागाने एक प्रायोगिक कारखाना सुरू झाला. तेथील जोरदार वाऱ्यापासून वीज, विजेने पाण्यापासून हायड्रोजन, आणि हायड्रोजन व कार्बन डाय-ऑक्साइड यांपासून मिथेनॉल व पुढे पेट्रोल तयार करतात. प्रायोगिक टप्प्याची क्षमता वर्षाला सु. १,३०,००० लि. आहे. प्रत्येक रूपांतरात ऊर्जा वाया जात असल्याने तीच वीज सरळ विद्युत् घटमालेत भरली, तर गाडी कितीतरी पट अधिक अंतर कापील. त्यामुळे सर्वसामान्य वाहतुकीसाठी हा उपाय परवडणारा नाही. वर्षाकाठी दोन-तीन हजार किमी. चालणाऱ्या थोड्या स्पोर्ट्‌स मोटारींना मात्र लिटरमागे कितीही किंमत पडली, तरी तिचा मोठासा भार वाटणार नाही.